बसून ऐकायची पेटी

बाबूजी उजव्या हाताचा पंजा वर करायचे आणि म्हणायचे, "तापू द्या."

मग आलेला माणूस कोणीही असो, त्याला गप्प बसावं लागायचं. लोखंडी ट्रंकेवर ठेवलेल्या करड्या खोक्याच्या मागच्या जाळीतून काचेचे व्हॉल्व्ह दिसायचे. आधी आत नुसता एक लाल ठिपका उमटायचा, मग राखेवर फुंकर घातल्यावर निखारा उजळतो तसे ते उजळत जायचे. तोवर कोणी बोलायचं नाही, चहाचा कपसुद्धा वाजवायचा नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, चूल पेटवायला एवढं नाटक कशाला? पण खरं सांगतो, तुम्ही तिथं असता तर तुमचीही नजर त्या जाळीवरून हलली नसती.

बाबूजी नवीन जालन्यात स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होते. माझा सुतारकामाचा कारखाना त्यांच्याच, रुळालगतच्या गल्लीत. कारखाना म्हणजे दोन रंधे, चार करवती आणि भरपूर तोरा. गल्लीला ते बाबूजी आणि मी मिस्त्री. नोकरीच्या सुरुवातीला त्यांची नेमणूक सिकंदराबादेला होती. तिथला एक साहेब मायदेशी परत निघाला तेव्हा त्यानं घरातलं सामान विकायला काढलं. बाकीच्या बाबूंनी टेबलं घेतली, खुर्च्या घेतल्या, काचेची भांडी घेतली. आमच्या बाबूजींनी विजेवर चालणारी गिटार आणि तिचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे तोच करडा खोका, घेतला. जालन्याला बदली झाली तेव्हा बिऱ्हाडात भांडी कमी आणि वायरी जास्त होत्या, असं गल्ली सांगते.

ती गिटार ते मांडीवर आडवी घ्यायचे आणि तारांवरून पोलादाची एक कांडी सरकवायचे. आमच्या गल्लीतल्या धोब्यानं एकदा खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, "बाबूजी इस्त्री करून राह्यले, पण कपडाच दिसंना." सगळ्यांत मोठ्यानं बाबूजीच हसले. मी भजनातल्या पेटीवर वाढलेला माणूस. सूर एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो, एवढंच मला ठाऊक. इथं मात्र तो मध्ये कुठंही न तुटता सरकत जायचा आणि मी तोंड उघडं टाकून बसायचो.

त्यांच्या घरात दोनच माणसं, पोरबाळ नव्हतं. पण घर कधी मुकं वाटलं नाही, कारण वहिनी. भाजीवालीशी भाव करता करता तिच्या सासूच्या गुडघ्यांची चौकशी करणाऱ्या, दूधवाल्याच्या म्हशीशीसुद्धा दोन शब्द बोलणाऱ्या. बाबूजी वाजवायला बसले की स्वयंपाकघरातून हुकूम सुटायचा, "अजून एकदा वाजवा तेच, मला जिरं फोडणीत टाकताना ऐकू आलं न्हाई!" आणि बाबूजी ते मुकाट्यानं परत वाजवायचे.

मग वहिनींना मुदतीचा ताप आला. जीव वाचला, कान गेले.

आता इथं जरा माझ्याबरोबर थांबा, कारण आम्हा शेजाऱ्यांना जे उशिरा समजलं ते बाबूजींना पहिल्या दिवशीच समजलं होतं. ऐकू येत नाही म्हणजे स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. वहिनी बोलायच्या ते कधी फार मोठ्यानं, कधी एकाच सुरात. गल्लीतली पोरं हसली. त्यांना हसणं ऐकू आलं नाही, पण दिसलं. त्या दिवसापासून त्यांनी बोलणंच सोडलं. भाजीवालीला बोटं दाखवायच्या. नवऱ्याशीसुद्धा मान हलवून बोलायच्या. बाबूजी अजूनही त्यांच्या समोर बसून वाजवायचे आणि त्या मांडीत हात घेऊन भिंतीकडे बघत राहायच्या. मला ते बघवत नसे. मी चहाला जाणं कमी केलं.

एक दिवस दुपारच्याला बाबूजी कारखान्यात पळत आले. डोक्यावर टोपी नाही, पायात चप्पल नाही.

"मिस्त्री, तिनं मालगाडी वळखली!"

"काय झालं बाबूजी? बसा."

"मी जेवून राह्यलो होतो. ती चुलीपाशी, पाठ दाराकडं. गाडीची शिट्टी बिलकुल झाली न्हाई. आन् ती बोटानं रुळाकडं दाखवून मान हलवती, गाडी आली म्हणून. मी उठून बघितलं तं खरंच मालगाडी! कशावरनं वळखली? पायावरनं. जमीन हालती ना!" त्यांनी माझा दंड धरला. "तिचे कान गेले, पाय न्हाई गेले. मला पेटी करून द्या. स्पीकरची. एवढी मोठी, की तिला वर बसता यावं."

माणूस खुळावला, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सागवानाच्या फळ्या काढल्या.

त्या खोक्यातला मूळचा स्पीकर ताटलीएवढा होता. त्याच्यानं सागवान हलणं शक्य नव्हतं. खोक्याच्या मागं मात्र बाहेरचा स्पीकर जोडायची जागा होती आणि तिथं आठचा आकडा. बाबूजींना वडीगोद्रीला एक बंद पडलेली तंबू टॉकीज सापडली. तिचे दोन मोठे स्पीकर त्यांनी गाडीत गवतावर निजवून आणले. दोघांवर आकडा पंधराचा.

"हा आकडा म्हंजे अडवणूक," बाबूजी मला शिकवायला लागले. "विजेला स्पीकर किती अडवतो, ते. ह्या खोक्याला आठाची अडवणूक पाहिजे. पंधराची दिली तर त्याचा जोर बराबर उतरत न्हाई."

"एक पंधरा जास्त होतो, आन् तुम्ही दोन जोडता? मंग तीस न्हाई का झाले?"

"एकामागं एक जोडले तर तीस. शेजारी शेजारी जोडले तर निम्मे. धक्क्याला एक दरवाजा असला तर हमाल अडकतात. दोन दरवाजे उघडले तर?"

"जल्दी बाहेर पडतात."

"मंग! पंधराचे निम्मे साडेसात."

"पण आठ पाहिजेत ना?"

"मिस्त्री, सोयरिकीत इतकं बघत न्हाईत."

त्याच बोलण्यात मी सहज खोक्याच्या खटक्याकडे हात नेला, तर त्यांनी फटकन माझ्या हातावर मारलं. स्पीकर जोडल्याशिवाय ते मशीन चालू करायचं नसतं. रिकामं पळालं तर आतून जळतं, आणि जळलं तर जालन्यात काय, औरंगाबादेतही दुरुस्त होणार नाही. आयुष्यात माझ्यावर बाबूजींनी उचललेला तो एकमेव हात.

पेटी मी अशी केली की तिच्याकडे बघतच राहावं. लांबट, गुडघ्याएवढी उंच, सांधे असे की सुई शिरणार नाही. समोरच्या फळीवर वेल कोरला. बाबूजी म्हणाले, "हे लग्नात द्यायचं कपाट हाय का?" मी रागावून दोन दिवस बोललो नाही. मग त्यांनी सांगितलं की आत मऊ काहीतरी भरावं लागतं, नाहीतर आवाज घुमून गढूळ होतो. गाव जालना, चहूकडे कापसाच्या जिनिंग गिरण्या. मऊ म्हटल्यावर आम्हाला दुसरं काय सुचणार? ओळखीच्या जिनिंगमधून मी पोतं भरून कापूस आणला आणि दोघांनी तो हौसेनं पेटीत ठासला. कापूस होता सरकीसकट. तसाच, शेतातून आलेला. दोघांच्या चार डोळ्यांना ते दिसलं नाही असं नाही. त्यात काही बिघडतं, हेच डोक्यात आलं नाही.

हे चालू असतानाच दिवाळी आली आणि वहिनींचे थोरले भाऊ त्यांना राजूरला घेऊन गेले. चार दिवसांसाठी म्हणून नेलं. परत काही आणलं नाही. मग निरोप आला. बाई इथंच बरी आहे, माणसांत आहे, संक्रांतीच्या आधी येऊन तिचं सामान घेऊन जातो. निरोप देणाऱ्यासमोर बाबूजी हो हो म्हणाले. नंतर माझ्याकडे येऊन फळ्यांच्या ढिगावर बसले.

"भावाचं काही चुकत न्हाई," ते म्हणाले. "माझ्या घरात तिला आता काय हाय? मी धक्क्यावर जातो, ती भिंतीकडं बघत बसती. एकदा का ती कायमची गेली, मिस्त्री, तं मंग मी कुणाला वाजवून दाखवू?"

वहिनींचे भाऊ येणार त्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही पेटी वाजवून बघितली. एका बाजूनं फडफड असा आवाज. मागची फळी उघडली तर उंदीर टुणकन बाहेर! सरकी खायला आलेले, आणि जाता जाता एका स्पीकरचा कागदी पडदा कुरतडून गेलेले. मी डोक्याला हात लावला. बाबूजी शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं भोकातून बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "पतंगाचा कागद लागंल. आन् वहिनीला सांगून खळ करून घ्या." म्हणजे माझ्या बायकोला. मला वाटलं होतं माणूस मोडला. तो खळीच्या गोष्टी करत होता.

संक्रांतीचे दिवस, पतंगाच्या कागदाला काय तोटा? पातळ कागदाच्या पट्ट्या खळीत बुडवून ते एकावर एक चिकटवत गेले, जखमेवर पट्टी बांधावी तसे, फुंकर घालत. मी तिकडे पिंजाऱ्याकडून धुतल्यासारखी स्वच्छ पिंजलेली रुई आणली. स्पीकर दिवसभर उन्हात ठेवला आणि बाबूजी रजा टाकून त्याच्या शेजारी बसून राहिले, कावळा टोच मारील म्हणून.

दुसऱ्या दिवशी राजूरहून बैलगाडी आली, वहिनीही बरोबर होत्या. वहिनींचे दादा वयानं मोठे, शेतकरी माणूस, मनानं चांगले, पण घाईचे. त्यांनी बैल सोडलेच नाहीत. "ऊन चढायच्या आत निघू," म्हणाले. वहिनी आत जाऊन लुगड्यांचं गाठोडं बांधायला लागल्या. बाबूजींनी त्यांच्यापुढं हात जोडले आणि पेटीकडे दाखवलं. वहिनींनी दारात जमलेल्या गल्लीतल्या बायकांकडे बघितलं. संकोच त्यांच्या तोंडावर लिहिलेला होता. पण नवरा हात खाली घेईना, तेव्हा गाठोडं मांडीवर घेऊन त्या पेटीच्या अगदी कडेला टेकल्या.

व्हॉल्व्ह तापले. बाबूजींनी जाडी तार छेडली.

वहिनी दचकून उभ्या राहिल्या. गाठोडं खाली पडलं. त्यांनी पेटीकडे असं बघितलं, जणू आत कोणी आहे. दादा दारातून म्हणाले, "कशाला भिववता तिला?" बाबूजींनी तार पुन्हा छेडली नाही, कांडी तारेवर धरून नुसते थांबले. किती धीर असतो हो एकेका माणसात! आणि वहिनी आपल्या आपण परत बसल्या, या वेळी पार मागं सरकून. दोन्ही तळवे लाकडावर टेकवले.

मग बाबूजी वाजवायला लागले. सावकाश, जाड्या तारांवर, खालच्या सुरात. मी कोपऱ्यात उभा होतो तर माझ्या पायाखालची फरशी बोलत होती, पोटात काहीतरी हलत होतं. मीच केलेली पेटी, तिचा प्रत्येक सांधा माझ्या हाताखालून गेलेला, आणि मी तिच्याकडे अनोळखी जनावराकडे बघावं तसा बघत होतो. वहिनींनी डोळे मिटले. त्यांना ऐकू आलं का, हे मला विचारू नका. मला एवढंच ठाऊक आहे की त्यांची बोटं लाकडावर हलायला लागली आणि बाबूजी थांबले की थांबत होती.

दादा आत आले. खांद्याला हात लावून म्हणाले, "बाई, चल."

वहिनींनी डोळे उघडले. महिनोन्‌महिने न बोललेल्या त्या बाईनं भावाकडे बघितलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "दादा, बैलं सोडा!"

कोणी हसलं नाही. बाबूजींच्या हातातली कांडी निसटून फरशीवर घरंगळत गेली. मी ती उचलायला वाकलो आणि तसाच वाकून राहिलो, कारण वर बघायची माझी छाती नव्हती.

पुढं कैक वर्षं रोज संध्याकाळी ती मैफल चालली. वहिनी पुन्हा भाजीवालीला बोलायला लागल्या, सपाट आवाजात, मोठ्यानं, जसं येईल तसं. पोरं दोन दिवस हसली आणि कंटाळली. "तुमच्या पेटीनं केलं," असं बाबूजी येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे आणि मी खोटं खोटं नको नको म्हणायचो.

एका उन्हाळ्यात धक्क्यावर माल उतरून घेता घेता बाबूजी पोत्यांना टेकून बसले, ते उठले नाहीत.

दिवसवार झाल्यावर दादा माझ्या कारखान्यात आले. या वेळी बसनं आले होते. थकले होते. "मिस्त्री, तुम्ही समजावून सांगा. एकटी बाई इथं काय करंल? आमच्याकडं ल्हानमोठी माणसं हायेत."

आम्ही दोघं गेलो. दार उघडंच होतं. गिटार खुंटीला टांगलेली, पण खोक्यातले व्हॉल्व्ह उजळलेले होते. वाजवत कोणीच नव्हतं. नुसतं चालू ठेवलं तरी त्या मशीनमधून विजेची एक बारीक गुणगुण पेटीत उतरते. वहिनी पेटीवर बसल्या होत्या, तळहात लाकडावर.

मी खुणा करून सांगितलं. राजूर. भाऊ. भाचे. घर. त्यांनी सगळं नीट बघून घेतलं.

"येईन की," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मी कुठं न्हाई म्हणते? पण दादा, राजूरला अजून लाइट न्हाई आली."

दादांनी दारातच चपला काढल्या आणि जाऊन बहिणीशेजारी पेटीवर बसले.