उठवायची तारीख

फुलांच्या दुकानाच्या तळघरात मावशीने एकतीस वर्षं अंधार सांभाळला. वर दुकानात फुलं विकली जात, गप्पा होत, कागदाचे कोन वळले जात. अठरा पायऱ्या उतरल्या की मावशीचं राज्य सुरू होई. तिथे पाच अंशांची थंडी होती, ओल्या मातीचा वास होता, आणि फळ्यांवर काळ्या कापडाखाली कुंड्यांच्या रांगा होत्या. कुंड्यांत ट्युलिपचे, डॅफोडिलचे आणि हायसिंथचे कंद झोपवलेले असत.

वसंतात जमिनीतून वर येणारी ही फुलं भर हिवाळ्यात घरातल्या खिडकीत फुलवायची, तर कंदाला फसवावं लागतं. तेरा आठवडे त्याला थंडीत आणि काळोखात ठेवायचं, म्हणजे हिवाळा येऊन गेला असं त्याला वाटतं. मग उजेडात आणायचं. तीन आठवड्यांत तो फुलतो. आपली फसवणूक झाली हे कळायला त्याला वेळच मिळत नाही. एकदा असा फुललेला कंद पुढच्या वर्षी कामाचा राहत नाही, तो टाकूनच द्यावा लागतो. मावशीला याचं कधी वाईट वाटलं नाही. "आपल्याला तरी कोण विचारून उठवतं?" असं ती म्हणे.

तळघरात दोन कायदे होते. पहिला, खाली सफरचंद आणायचं नाही. पिकत्या सफरचंदातून जो वायू सुटतो, त्याने कंदाच्या पोटातली कळी आतल्या आत मरते. मावशी खुद्द मालकाच्या डब्याचीही झडती घेई आणि मालक मुकाट्याने झाकण उघडून दाखवत. दुसरा कायदा पाट्यांचा. कुंडीत खोचलेल्या लाकडी पाटीवर कंद लावल्याची तारीख लिहायची नाही, फुलायची लिहायची. गिऱ्हाईक शरद ऋतूत येऊन सांगे, अमुक दिवशी साखरपुडा आहे, तमुक दिवशी वाढदिवस. मावशी ती तारीख लिहून सोळा आठवडे मागे मोजे. पुढे काय होणार हे गावात कुणालाच ठाऊक नसे, पण ते कोणत्या तारखेला होणार हे मावशीच्या फळीवर लिहिलेलं असे.

दोनदा असं झालं की एक पाटी जास्त निघाली. तारीख होती, अक्षर मावशीचं होतं, पण वहीत तशी मागणी नव्हती आणि लिहिल्याचं तिला आठवत नव्हतं. पहिल्या वेळी तो डॅफोडिल होता. तो तारखेला फुलला आणि त्याच दुपारी मावशीची आई गेली. नऊ वर्षांनी एक लाल ट्युलिप निघाला. त्या तारखेला मावशीचे यजमान दाढी करता करता आरशासमोर बसले ते उठलेच नाहीत.

"बोलाफुलाला गाठ पडली, मावशी," मालक समजूत घालत म्हणाले होते.

"फूल माझं होतं, ते कळलं," मावशी म्हणाली. "बोल कुणाचा होता, ते सांगा."

मालकांनी तो प्रश्न अजून विचारात ठेवला होता.

मग तिसरी पाटी निघाली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या फळीवरचं कापड बदलताना मावशीला एक निळ्या हायसिंथची कुंडी दिसली. पाटीवर अकरा फेब्रुवारी होती. मावशीने वही दोनदा चाळली. मग ती पायरीवर बसून राहिली. मोठी बहीण, जिला ती ताई म्हणे, निकामी होत चाललेली फुप्फुसं घेऊन दोन महिने अंथरुणाला खिळली होती, आणि ताई व तिची लेक यांखेरीज आता मावशीच्या मागेपुढे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी डब्यातून सफरचंद घेऊन आली. झडती घेणारी तीच, तिची झडती घ्यायला कुणी नव्हतं. ते कुंडीशेजारी ठेवलं असतं, तर कळी आठवड्यात मेली असती. पण कळी मेली तर तारीख टळते की आजच येते, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिने सफरचंद रस्त्यावर येऊन उभ्या उभ्या खाल्लं, बियांसकट.

मग तिने तिच्या धंद्यातला साधा उपाय केला. एकदा नवऱ्या मुलाचा पाय मोडला म्हणून तिने शंभर ट्युलिप अकरा दिवस थांबवून धरले होते. कंदाला थांबवता येतं, त्याला उठवायचंच नाही. एकवीस जानेवारी आली, कुंडी वर न्यायचा दिवस. मावशीने ती उचलली आणि आणखी आत, भिंतीला लावून ठेवली. वरून कापडाची दुहेरी घडी घातली.

अकरा फेब्रुवारीला ती दिवसभर ताईच्या उशाशी बसली. ताईने तिला तीन वेळा घरी जायला सांगितलं. संध्याकाळ झाली, दिवे लागले, ताई होती. मावशीने घरी जाऊन महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवण केलं.

पुढच्या आठवड्यात ताईने खिडकीचे पडदे ओढून घ्यायला सांगितले. उजेड डोळ्यांत जातो, म्हणाली. मग भरदुपारी विचारू लागली की दिवा का लावत नाही. तिचे पाय गार पडले ते गारच राहिले, गरम पाण्याच्या पिशव्यांचीच धग उतरे. डॉक्टर म्हणाले, प्रकृती स्थिर आहे. हे ते फळीवरच्या कोणत्याही कुंडीबद्दल म्हणू शकले असते.

ताईची मुलगी चाळिशीतली, शिवणकाम करणारी बाई होती. आईच्या आजारपणात तिचं मशीन बंदच होतं. तिने एका सकाळी मावशीला जिन्यात गाठलं.

"मावशी, आईच्या अंगाला वास येतो."

"औषधांचा असेल."

"औषधांचा मला कळतो. ओल्या मातीचा येतो. चादरी बदलल्या, उशी बदलली." ती जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाली, "आणि ती धड झोपत नाही, धड उठत नाही. म्हणते, माझ्यावरचं कापड काढा. अंगावर काही नसतं गं."

मावशी सरळ तळघरात गेली. अठरा पायऱ्या उतरून तिने दुहेरी घडी काढली.

कंद थांबला नव्हता. अंधारातच त्याने वीतभर दांडा वर काढला होता, मेणासारखा पांढरा, बोटासारखा. पानं पिवळी पडून कापडाला चिकटली होती. दांडा सरळ नव्हता. तो भिंतीपासून वळून दाराच्या फटीकडे गेला होता, जिथून जिन्यातला थोडासा उजेड येई. कळी वर निघाली होती, पण फिकट आणि मिटलेली. मावशीने एकतीस वर्षांत असे बरेच दांडे पाहिले होते आणि पुन्हा न बघता केरात टाकले होते. हा तिच्याकडे बघतोय असं तिला वाटलं. हे वाटणं मूर्खपणाचं होतं, कारण तो दाराकडे बघत होता.

ती तशीच ताईकडे गेली आणि पडदे लावलेल्या खोलीत तिने सगळं सांगितलं. आईची पाटी, यजमानांची पाटी, ही पाटी. ताई डोळे मिटून ऐकत होती.

"म्हणजे महिनाभर मला तू डांबून ठेवलंयस," ताई म्हणाली.

"तुला नाही. कुंडीला."

"धाकटे, लहानपणी तू माझी बाहुली पेटीत लपवायचीस, मी मोडीन म्हणून. तुझ्याच पेटीत ती उंदरांनी खाल्ली." ताईला धाप लागली. ती थांबली. "मी तुला बोल लावत नाही. पण आत फार काळोख आहे गं. कुंडी इथे आण."

"आणली तर फुलेल."

"फुलेल नाही तर काय करेल? कांदा आहे का तो, फोडणीला घालायला?"

मावशीने कुंडी आणली. पहिले काही दिवस ती पडद्याआड अर्ध्या उजेडात ठेवली, कारण एकदम उन्हात नेलं तर कंद जळतो. मग पडदा वीतभर सरकवला, मग हातभर. ताईने तक्रार केली नाही. पिवळी पानं कडेकडेने हिरवी होऊ लागली, त्याच सुमारास ताईच्या पायांत धग आली. दांडा वळून खिडकीकडे झाला, त्या दिवशी ताईने उशीला टेकून सूप मागितलं आणि ते खारट झाल्याचं लेकीला ऐकवलं. मातीचा वास गेला. भाची हळूच म्हणाली, "आई बरी होतेय, ना?" मावशी कुंडी अर्धी फिरवून ठेवत म्हणाली, "हो. छान होतेय." दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

असे एकोणीस दिवस मिळाले. त्यांत ताईने शेजारणीची नक्कल केली, भाचीला शिवणाचे दोन जुने हट्ट माफ केले, आणि बाहुलीचा हिशेब मिटल्याचं जाहीर केलं. विसाव्या सकाळी खोलीभर गोड, जड वास होता. निळी फुलं खालपासून वरपर्यंत उमलली होती. ताईने मान वळवून ती नीट पाहिली, खालून वर, एक न गाळता.

"उशीर केलास," ती म्हणाली, "पण रंग चांगला आला."

दुपारी ती गेली.

मावशीने कंद टाकून दिला. तसाच कायदा होता.

शरद ऋतू आला तेव्हा मावशीचे गुडघे अठरा पायऱ्यांना नाही म्हणू लागले होते. मालकांनी तिच्या हाताखाली भाचीलाच घेतलं; आईमागे तिलाही मावशीखेरीज कुणी उरलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मावशीने पेन तिच्या हातात दिलं आणि स्वतः पाटीला बोट लावणार नाही असं सांगितलं. भाचीने वहीतल्या बेचाळीस मागण्यांच्या बेचाळीस पाट्या शिंप्याच्या टिपेसारख्या नेटक्या अक्षरात लिहिल्या. मावशीने त्या स्वतः मोजल्या. बेचाळीस भरल्या.

जानेवारीत कुंड्या वर न्यायला भाची खाली गेली ती हातात एक कुंडी घेऊन पायऱ्यांवर थांबली. पांढरा हायसिंथ होता.

"मावशी, ही त्रेचाळिसावी आहे. पाटीवर माझंच अक्षर आहे, पण मी लिहिलेलं नाही." तिचा आवाज खाली गेला. "हिला आत ठेवू का? भिंतीला लावून?"

मावशी वरच्या पायरीवर बसून होती. तिने हात पुढे करून पाटी डोळ्यांजवळ धरली, तारीख वाचली, आणि बोटांवर तीन आठवडे मागे मोजले.

"नको," ती म्हणाली. "आजच वर आण. आणि तुझ्या डब्यात काय आहे ते आधी दाखव."