सावडीबाहेर

यंदा आवणीच्या तोंडावर धाकटी जाऊ दारात आली, तेव्हा मी चहाला आधण ठेवलं. भाताची रोपं लावणीला आली होती. पहिला दिवस कुणाच्या खाचराचा ते ठरवायला आली असेल, असं वाटलं.

ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "अक्का, यंदा तुमची सावड न्हाई धरायची, असं समद्यांनी ठरवलंय. तुमच्याकडनं येनार कोन?"

मला वाटलं, थट्टा करतेय. तळेघरच्या डोंगरात सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या खाचरात वाकायचं, उद्या माझ्या. आणि ज्या घरात नुसती म्हातारी माणसं उरली, त्यांची लावणी आधी करायची, तीही परतफेड न मागता. शेजारच्या म्हातारीची आवणी दरसाल आम्ही दोघी जावाच करायचो. ती बांधावर बसून शिव्या घालायची, ओळ वाकडी गेली म्हणून. मी हसत ऐकून घ्यायचे, कारण पुढे मीही तशीच बांधावर बसणार होते. आमची पेन्शन म्हणाल तर ती एवढीच.

आता माझी कंबर वाकत नाही. मुलगा चाकणला कंपनीत. फोनवर म्हणाला, "आई, रेशनचा तांदूळ मिळतो ना? कशाला जीव काढतेस?" टीव्हीवर एक टायवाला सारखा सांगतो, देश तरुण आहे, तीच आपली ताकद. माझं डोकंच फिरतं. असेल बाबा तरुण, आमच्या वाडीत काही उतरला नाही अजून. पोरं आम्ही वाढवली, कामाला आलेले हात कंपन्यांनी नेले आणि म्हातारपण तेवढं इथे ठेवलं. उरलेल्या चार धडधाकट माणसांनी कुणाकुणाचं लावायचं, हे मलाही कळतं. पण ते जावेने येऊन सांगावं? तिचा मुलगा आवणीपुरती रजा काढून येतो, म्हणून ती सावडीत.

चहा आटून गेला. मी तिला बस म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिच्या खाचरात सगळे उतरले. माझी रोपं पिवळी पडत चालली होती. दुपारी ती आली. "अक्का, आमाला रोप कमी पडलंय. तुमचं वायाच जानार. उपटू का?"

"उपट," मी म्हटलं. इतकी वर्षं माझी सावड घेऊन मला फसवलं होतं हिने, आणि आता हिचंच खाचर माझ्या रोपांनी भरणार होतं. पण रोप डोळ्यांदेखत कुजू द्यायचं, हेही मला जमेना.

मी बांधावर बसून राहिले. तिने वाकून रोपं उपटली, जुड्या बांधल्या. पलीकडे तिच्या खाचरातून तिचा मुलगा पाय धुऊन रस्त्याकडे निघाला होता. कंपनीतून बोलावणं आलं होतं, रजा रद्द. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठायला गेली, तर कंबर धरली. बांधाला हात टेकून तिने माझ्याकडे पाहिलं.

मी हात पुढे केला नाही.