माइकवरची हिंदी, ओट्याजवळची मराठी

आमचा भाऊ माइकवर हिंदी बोलायचा आणि खाली उतरला की मराठी. यात काय मोठंसं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. इथे छत्तीसगडात, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत आम्ही सगळेच दिवसभर हिंदी बोलतो आणि मराठी घरात ठेवतो. पण भाऊ आमचा विधायक, म्हणजे आमदार होता, आणि त्याच्या तोंडी या दोन भाषांची पक्की वाटणी होती. हिंदीत तो सरकारचं सांगायचा आणि मराठीत खरं. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो, आणि त्याचाच आज मला संताप येतो.

दर महिन्याला एका रविवारी विहारासमोरच्या मैदानात त्याची सभा असायची. कुठली कामं चालू आहेत, पुढे काय येणार आहे, पोरांसाठी कुठे भरती निघणार आहे, सगळं तो उभ्यानं सांगायचा. कोणी पाण्याच्या टाकीचं विचारलं की मान ताठ करून म्हणायचा, “कार्य प्रगति पर है.” मग खाली उतरून बायकांच्या रांगेशी यायचा, कोणाच्या तरी बाटलीतलं पाणी प्यायचा आणि हळूच म्हणायचा, “टाकीचं काही खरं नाही वं. फाइल रायपूरले पडून आहे. ड्रम भरून ठेवत जा.” आम्ही ड्रम भरून ठेवायचो. उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की आमच्या घरी पाणी असायचं आणि शेजारची साहू बहीण कपाळाला हात लावायची. पुढे पुढे सभा संपली की ती मलाच गाठायला लागली. “का कहिस?” म्हणजे, तुमच्या मराठीत काय सांगून गेला तो? मी मोठ्या ऐटीत सांगायची.

आणि तो होताच आमचा. त्याचे बाबा आणि माझे बाबा यार्डात बरोबर पॉइंट्समन होते, दोघंही नागपूरकडून आलेले. आमचे क्वार्टर पाठीला पाठ लावून होते. माझे बाबा गेले तेव्हा तो नुकताच निवडून आला होता, पण खांदा द्यायला पुढे तोच होता, आणि दहा जणांना फोन करत बसण्यापेक्षा स्वतः जाऊन बर्फ घेऊन आला. आईला भिलाईच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं तर हा रोज संध्याकाळी तिच्या पायाशी बसून तिची बोलणी खायचा. तिच्यासाठी तो विधायक वगैरे कोणी नव्हता. हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर एवढी आग झाली नसती.

घरी आला की त्याला खुर्ची चालत नसे. चपला दाराशी, पांढऱ्या कुर्त्याच्या बाह्या वर, आणि हा स्वयंपाकघरात ओट्याजवळ स्टूल ओढून बसणार. “गोळाभात कर ना वं लता, बाहेरचं खाऊन तोंड खराब होऊन राहिलं.” खाताना साहेबलोकांना शिव्या द्यायचा, स्वतःच्या पक्षालाही सोडायचा नाही. माझा संकेत त्याला मामा म्हणायचा आणि त्याचं ते बोलणं कान देऊन ऐकायचा. हसून हसून आमची पोटं दुखायची.

मागच्या निवडणुकीच्या आधी भाऊनं सभेत सांगितलं की चरोद्यात मालगाडीचे डबे दुरुस्तीचं ट्रेनिंग सेंटर येणार. शिकवतील, शिकताना पैसे देतील, नंतर कामावर घेतील. मात्र आधी घेणार ते बेरोजगार पोरांना. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण ते हिंदीत होतं. संकेत तेव्हा भिलाईत एका लहान कारखान्यात वेल्डर होता, ठेकेदारीवर, पण मालक त्याला सांभाळून होता आणि लवकरच पक्का करीन म्हणाला होता. ती नोकरी धरली तर सेंटर हातचं जाणार, हे आमच्यापुढचं कोडं होतं.

संध्याकाळी भाऊ आला. ओट्याजवळ बसला. मी त्याच्या पानात गोळा कुस्करून वर तेल घातलं आणि सरळ विचारलं, “भाऊ, खरं सांग. पोराले नोकरी सोडू देऊ का?”

त्यानं घास खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. “सोडू दे, लता. पहिलं नाव त्याचंच घेईन. मी आहो ना.”

मी तरीही रात्रभर कुरकुरत होते, तर संकेतनंच मला गप्प केलं. म्हणाला, मम्मी, मामानं मराठीत सांगितलं ना, फिर क्या टेन्शन. सोमवारी जाऊन तो काम सोडून आला.

पुढे काय झालं ते सांगायला नको. निवडणूक झाली, भाऊ जिंकला, विहारासमोर लाडू वाटले. सेंटर प्रगति पर राहिलं. संकेत घरी बसून मोबाइलवर भरत्या बघत राहिला. एक दिवस रामटेके काकूंच्या ओसरीवर मटार सोलताना विषय निघाला, तर काकू म्हणाल्या, आमच्या प्रशांतनंही सोडली की उतई गावातली नोकरी, भाऊ स्वतः येऊन मराठीत सांगून गेला. मेश्रामांकडेही गेला होता. खालच्या लाइनीतल्या वासनिकांकडेही गेला होता. त्या आठवड्यात आमचं एकही मराठी घर त्यानं सोडलं नव्हतं, प्रत्येक ठिकाणी पहिलं नाव त्या त्या घरच्या पोराचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यानं आमच्या मराठीलाच माइक लावला होता.

तशीच उठले आणि त्याच्या कार्यालयात गेले. बाहेर लोक बसले होते, त्यांना ओलांडून आत शिरले. सेंटर दुसऱ्या जिल्ह्यात गेलं हे दाराशी बसलेल्या त्याच्याच माणसाकडून मला तेवढ्यात कळलं होतं, आणि निवडणुकीच्याही आधी गेलं होतं हेही. मी विचारलं, “तुले माहीत होतं?” त्यानं नाही म्हणावं असं मला फार वाटत होतं. खोटं बोलला असता तर मी घरी जाऊन रडले असते आणि गप्प बसले असते.

“माहीत होतं,” तो म्हणाला. “हिंदीवाल्यांचे मतं तर समोरच्या पार्टीकडं चाललेच होते. तुमचे घरं फुटले असते तर मी कुठं जातो, लता? घरच्यांच्या भरवशावरच तर उभा होतो.”

म्हणजे घरचे होतो म्हणूनच आमच्या तोंडाला पानं पुसली. परक्याला फसवायला त्याला भाषण करावं लागलं, आम्हाला फसवायला एक घास खाली ठेवणं पुरलं. लहानपणी मला सायकलवर डबलसीट शाळेत नेणारा हा माणूस, आणि याची कॉलर धरावी असं मला त्या दिवशी वाटलं. धरायला हवी होती.

संकेत आता परत त्याच कारखान्यात आहे. रोजीवर. ज्या पोराला त्यानं वेल्डिंग शिकवलं तो पक्का झाला, आणि हा त्याच्या हाताखाली काम करून राहिला. घरी येतो, जेवतो, झोपतो. मामाचं नाव काढत नाही. मी मात्र भांडी घासताना अजून भाऊशी भांडते, मोठ्यानं.

गेल्या रविवारी सभा होती. मी गेले, आणि मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. भाऊनं नव्या कामांचं सांगितलं, पोरांसाठी आणखी काहीतरी येणार असल्याचं सांगितलं. मग उतरला, आमच्या रांगेशी आला. माझ्याच बाटलीला हात लावला आणि हसत म्हणाला, “राग गेला का नाही वं लता? गोळाभात केव्हा खाऊ घालतं?”

मी उभी राहिले. पदर सारखा केला. हात जोडले.

“नमस्ते विधायकजी. आप पानी लीजिए, रख लीजिए बोतल.”

जन्मात पहिल्यांदा मी त्याच्याशी हिंदी बोलले होते. आप तर दूरच, तुम्हीसुद्धा मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. बाटली हातात घेऊन तो तसाच उभा राहिला, पाणी प्यायला नाही. मागून कोणीतरी विधायकजी, विधायकजी करत आलं आणि तो वळला.

घरी येताना साहू बहिणीनं नेहमीप्रमाणे मला गाठलं. “का कहिस?”

तिला म्हटलं, जे माइकवर बोलला, तेच.