ध्वजावरची सहा भोकं

जे. पी. नगरात पंचवीस वर्षं मी रेशमी साड्यांचं रफू करते आहे. माझं रफू शोधून दाखवा म्हणून पैज लावते आणि जिंकते. माज आहे, मान्य. पण गेल्या वर्षी याच माजापायी मी जे करून बसले, ते आठवलं की अजून सुई खाली ठेवते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात, आमच्याच निपाणीकडचे. सगळी बिल्डिंग त्यांना अण्णा म्हणते. पंच्याहत्तरीला टेकलेत, पण पाठ अजून ताठ. त्यांना दोन वेडं. एक किल्ल्यांचं. सिटी मार्केटच्या गर्दीत उरलेला किल्ला असो की बेळगावचा खंदक, "दगड काय बघताय अक्का, पाणी कुठं साठवलंय ते बघा की! पाणी संपलं की किल्ला संपला," हे ठरलेलं. दुसरं वेड म्हणजे त्यांचा दोस्त. तरुणपणी लढाईत दोघं शत्रूच्या ठाण्यावर चढले. ठाणं मिळालं, तिथला झेंडा मिळाला, दोस्त गेला.

"झेंडा त्यानंच उतरवला. काठीवर चढताना मी बघितलंय त्याला," अण्णा सांगायचे. पण त्याला पाठीवर घालून खाली आणलं तेही अण्णांनीच, आणि तेव्हा त्याचे हात रिकामे होते. झेंडा मागाहून खालच्या तळावर, सामानाच्या ढिगात मिळाला. मग कोण मानणार? पलटणीच्या संग्रहालयात झेंड्याखाली पाटी लागली, 'शत्रूच्या ठाण्यावर सापडलेला ध्वज'. त्या 'सापडलेला'वर अण्णा जन्मभर चरफडले. दोस्ताचं नाव कुठंच नाही.

तो झेंडा विरायला लागला, म्हणून संग्रहालय सांभाळणाऱ्या कॅप्टन बाईंना हातशिवणीचं कुणीतरी हवं होतं. अण्णांनी माझं नाव सुचवलं. मी गेले. एका भिंतीवर चित्रदुर्गापासून सगळ्या किल्ल्यांची चित्रं, समोरच्या भिंतीवर जिंकलेले झेंडे, सगळे उलटे टांगलेले. जिंकलेला झेंडा असाच टांगतात म्हणे. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. कुणाकुणाची पोरं कुठं कुठं चढून गेली असतील, आणि आपण इथं सुईत दोरा ओवता ओवता कुरकुरतो!

कॅप्टन बाई पोरसवदा, पण आवाज करडा. हिंदीत बजावलं, "फक्त मागं जाळीचं कापड लावून त्यावर टाचायचं. धुवायचं नाही. बाकी कशाला हात लावायचा नाही." मी मान डोलावून "सरी मॅडम", म्हणजे बरं, म्हटलं.

झेंडा टेबलावर उलगडला. सहा भोकं होती, कडेनं तांबूस डाग. गंज असेल, भोकं उंदरांची असतील, असं मी आपलं ठरवून टाकलं. सवयीप्रमाणे आधी झेंड्याएवढा कागद ठेवून खाका काढला, प्रत्येक भोकाची खूण केली. मग टाचणं सुरू केलं, पण भोक दिसलं की माझा हात गप्प बसेल तर शपथ! चार दुपारी, चार भोकं. धागा धाग्यात असा मिसळला की मीच मला शाबासकी दिली.

पाचव्या दिवशी कॅप्टन बाई अण्णांना घेऊन आल्या. अण्णांनी तो झेंडा आजवर काचेआड, उंचावर, चुण्या पडलेला पाहिला होता. मी ऐटीत म्हटलं, "शोधा बघू, कुठं होती भोकं!"

बाईंचा चेहरा उतरला. "हे काय केलंत? ही साडी आहे का?"

अण्णा मात्र ओरडले नाहीत. वाकून उरलेली दोन भोकं बघत राहिले. "अक्का, बाकीची कुठं होती?"

मी खाका पुढं केला. एकाखाली एक तीन भोकं, सारख्या अंतरावर. तिथून पावणेदोन हातांवर पुन्हा तशीच तीन. बोट ठेवता ठेवता मलाच चर्र झालं. अगं बाई, उंदीर कधी माप लावून खातो का?

अण्णांनी कागदाची लांबट तीनपदरी घडी घातली. तिन्ही खुणा एकावर एक बसल्या. मग ती घडी पट्ट्यासारखी स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळली. डाव्या कुशीवर सहाच्या सहा खुणा एका जागी आल्या.

"इथंच लागली होती त्याला. एकच गोळी," अण्णा म्हणाले. मग बाईंनी वही उघडली आणि विचारलं, "त्यांचं नाव?" अण्णा टाचा जुळवून उभे राहिले. नाव, नंबर, गाव, एका दमात सांगितलं. पाटी बदलायचा अर्ज मी आजच पाठवते, बाई म्हणाल्या, खाकाही जोडते. मला मात्र चारही रफू उसवायचा हुकूम झाला, आणि मी तो डोकं खाली घालून मानला.

मी उसवत होते, अण्णा समोर खुर्चीवर. कागद अजून कमरेलाच. त्यावर तळवा ठेवून म्हणाले, "अक्का, पाठीवर घेतला तेव्हा त्याच्या शर्टाखाली कमरेला काहीतरी जाड लागत होतं. मला वाटलं, त्यानं पट्टी बांधलीय. म्हणून मी त्याला सबंध उतार सांगत आलो, घाबरू नकोस, रक्त थांबलंय."