आधी ओळख पटवा

माझ्या साडूंइतका संशयी माणूस पनवेलमध्ये दुसरा नसेल. असलाच, तर त्याच्यावर साडूंनी आधीच नजर ठेवली असेल. मीही काही भोळा माणूस नाही. दुधाच्या बिलाची बेरीज मी पुन्हा करून बघतो आणि सोसायटीच्या ताळेबंदातली चूक सापडेपर्यंत मला जेवण जात नाही. पण माझा संशय आकड्यांवर, साडूंचा माणसांवर. दाराची बेल वाजली की ते आधी भोकातून बघत, मग नाव विचारत, आणि नाव बरोबर निघालं तर त्यांची शंका वाढे. बाहेरगावी जाताना किल्ली शेजारी ठेवायची आमच्या बिल्डिंगमध्ये पद्धत आहे. साडू आमच्याच वरच्या मजल्यावर राहत, पण त्यांची किल्ली काही आमच्याकडे आली नाही. एकदा ते गावाला निघाले तेव्हा झाडांना पाणी घालायला म्हणून हिनं किल्ली मागितली, तर त्यांनी कुंड्याच खाली आणून आमच्या दारात मांडल्या. फोनवर बोलायचं तरी आधी परीक्षा. आवाजाची नक्कल कुणीही करू शकतो, असं त्यांचं म्हणणं. मी फोन केला की थंडीत शेतावर मडक्यात शेंगा भाजून होणाऱ्या आमच्या पोपटीवरून पलीकडून विचारणा होई, "मागच्या पोपटीत मीठ कुणी घातलं होतं?" मी मुकाट्यानं सांगायचो, "मेहुणीनं. दोनदा." मग एक हुंकार यायचा आणि संभाषण सुरू व्हायचं.

असा माणूस पोटासाठी काय करत होता, तर लोकांची ओळख पटवायचं काम. चांगली नोकरी सोडून त्यांनी घरच्या घरी अ‍ॅप बनवायला घेतलं होतं. गिऱ्हाईक एकच, पनवेलमधले स्कूलव्हॅनवाले चाचा. मुलाची व्हॅन कुठवर आली हे आईबापांना फोनवर दिसावं, एवढं त्या अ‍ॅपचं काम. पण साडूंचा सगळा जीव लॉगिनमध्ये. "अ‍ॅपनं स्वतः कुणाला ओळखायचंच नाही, दादा," ते मला समजावत. "दारात आलेल्याला क्लाउडमधल्या वॉचमनकडे पाठवायचं. त्यानं पासवर्ड बघायचा, खात्री करायची आणि चिठ्ठी द्यायची. अ‍ॅप फक्त चिठ्ठी बघतं." त्या वॉचमनशी बोलायला खुद्द अ‍ॅपलाही एक गुप्त किल्ली लागते आणि ती ठरावीक मुदतीनंतर बाद होते. मुदत आपण निवडायची असते. साडूंनी अर्थातच सगळ्यात कमी निवडली होती.

दिवाळीत फराळाला आले असताना त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि त्यात काहीतरी भरलं. उघडलं की सहा आकडे दिसत आणि बघता बघता बदलत. हे पुसायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, लागेल तेव्हा मी सांगेन, एवढं बोलून त्यांनी चकली उचलली. माझी झोप उडाली. ज्या आकड्यांचा कशाशी मेळ बसत नाही ते आपल्या खिशात कशाला? माझ्या नावावर हे काय उद्योग करतायत? मी दोनदा खोदून विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच संशयित ठरलो. पुसून टाकणार होतो, पण जे कळत नाही ते खोडू नये ही ऑफिसची सवय आड आली.

त्या थंडीत नेऱ्याला हिच्या मामांच्या शेतावर पोपटी होती. वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून मडकं उपडं ठेवलं होतं, भोवती जाळ नुकताच धरला होता. तेवढ्यात चाचांचा फोन आला. परीक्षा न घेताच साडूंनी तो स्पीकरवर टाकला, यावरूनच मामला गंभीर आहे हे मी ओळखलं.

"साहेब, पिकनिकच्या गाड्या परत येतायत आणि अ‍ॅप एकाही आईबापाला आत घेत नाय. सगळे मला फोन करतायत. गाड्या यायच्या आत चालू झालं तर ठीक, नायतर सोमवारपासून तुमचं अ‍ॅप बंद. माझा नाइलाज हाय."

मेहुणी उरलेल्या शेंगा निवडायची थांबली. घर त्या एका गिऱ्हाइकावर चाललं होतं.

साडूंनी लॅपटॉप उघडला. अ‍ॅपच्या किल्लीची मुदत संपली होती. मुदत संपत आल्याची मेल येत नाही का, असं मी विचारलं आणि मलाच आठवलं. आदल्या आठवड्यात जिन्यात थांबवून त्यांनी मला ती दाखवली होती. "बघा, कसे घाबरवतात. तुमची किल्ली संपत आलीय, लगेच इथे क्लिक करा. कोण फसेल?" आणि मोठ्या अभिमानानं माझ्यासमोर ती उडवली होती. मेल खरी होती.

नवी किल्ली करायची तर मालक म्हणून आत शिरायला हवं, आणि मालकाला फक्त घरच्याच इंटरनेटवरून आत घ्यायचं हा साडूंचाच नियम. नेऱ्याहून आलेल्या साडूंना त्यांच्याच वॉचमननं हाकलून दिलं. पनवेल गाठेपर्यंत गाड्या पोचल्या असत्या. त्यांनी लॅपटॉप तसाच उघडा उचलला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "दादा, तो आकडा सांगा."

अडीअडचणीसाठी त्यांनी दुसरा मालक नेमला होता. नाव माझं. त्याला कुठूनही आत जाता येई, पण पासवर्ड त्यांच्याकडे आणि आकडा माझ्याकडे. बँकेच्या लॉकरसारखं, एकट्यादुकट्याला उघडायचं नाही.

"आधी सांगा, मला न विचारता माझं नाव कसं घातलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही सगळं वाचून काढल्याशिवाय हो म्हटलं नसतं." त्यांची नजर माझ्या फोनवर होती. "सगळ्यांच्या फोनमध्ये असे आकडे भरून पारखून बघितलं, दादा. आकडा कशाला, असं तुमच्याशिवाय कुणी विचारलंच नाही. असा माणूस तो कुणाला सहज देणार नाही."

एवढ्यात आकडा बदलला. नवा मी वाचला, खात्रीसाठी पुन्हा वाचला. दार उघडलं. नवी किल्ली झाली आणि थोड्याच वेळात चाचांचा फोन आला, की लोक आत जातायत. या गडबडीत मडक्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेंगा करपल्या होत्या. सगळ्यांनी त्या आवडीनं खाल्ल्या.

पुढे साडूंचं काम वाढलं, ते उलव्याला मोठ्या जागेत गेले. मामांनी शेत विकलं, तिथे फार्महाउस झालं आणि पोपटीही बंद झाली. कुंड्या मात्र आमच्याच दारात आहेत. त्यांनी मागितल्या नाहीत, मी आठवण केली नाही. माझ्या फोनमधले आकडे अजून बदलत असतात. मेळ आजही बसत नाही, पण आता झोप लागते.

एकच गोष्ट खटकते. त्या दिवसापासून साडू मला फोनवर काही विचारत नाहीत. "बोला दादा," म्हणून सरळ सुरुवात करतात. परवा त्यांचा फोन आला तेव्हा मला राहवेना. त्यांना पुढे बोलू न देता मी विचारलं, "शेवटच्या पोपटीत शेंगा कुणामुळे करपल्या?"

पलीकडून जुना, समाधानी हुंकार आला.

"ते मी का सांगू? आधी तुम्ही कोण बोलताय?"