खालांचा ओट्सचा केक

शेजारच्या रझिया खाला ओट्सचा केक करायला बसल्या, की भिंतीपलीकडे कुणाचा तरी मुडदा पडतोय असं वाटायचं. लग्न होऊन मी अमरावतीत नवीनच आले होते. पहिल्याच आठवड्यात घाबरून धावत गेले, तर खाला लोखंडी बत्त्यानं गुळाची ढेप फोडत होत्या आणि प्रत्येक घावाला नाव देत होत्या. "हा दाताचा. हा बरगडीचा. हा माही शबनम पोटात असतानी मारलेल्या लाथेचा." मला पाहून हसल्या. "ये वं पोरी. माह्या नवऱ्याले मारून राहिली. मरून सात वर्सं झाले त्याले, पर हात काई थांबत नाई."

मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकाला असताना एका म्हाताऱ्या नर्सबाईंनी त्यांना हा केक शिकवला होता. जाडे ओट्स उकळत्या पाण्यात भिजवायचे, त्यात गूळ, अंडी, मैदा, दालचिनी घालायची आणि तापल्या रेतीवर पातेलं ठेवून भाजायचं. वर खोबरं, शेंगदाणे, गूळ आणि तुपाचा थर. तो खरपूस व्हावा म्हणून दांड्याचा लोखंडी तवा गॅसवर लाल करून केकवर वीतभर उंच पालथा धरायचा. तवा धरताना मात्र खाला अगदी गप्प असायच्या.

वर्षभरात माझा नवराही हात उचलायला लागला. पहिल्यांदा वरणात मीठ जास्त झालं म्हणून, मग कशावरूनही. गाल सुजवून मी खालांकडे जायची. त्या माझ्या हातात बत्ता द्यायच्या. "रडू नको. घे, कूट." मी कुटायची. हा कानाखालचा, हा केस ओढल्याचा. कुटून झालं की खरंच हलकं वाटायचं. गरम केकचा तुकडा खाऊन मी घरी जायची आणि निमूट कणीक मळायला घ्यायची. अशी तीन वर्षं गेली.

मग एका दुपारी, अकोल्याला आईला फोन केला एवढ्यावरून त्यानं मला पट्ट्यानं झोडपलं. मी खालांच्या स्वयंपाकघरात पळाले. तो मागोमाग आला.

"तिले फोन करतं? तुह्या मायले फोन करतं?"

त्यानं माझं डोकं ओट्यावर आपटलं. कुटलेल्या गुळावर रक्त सांडलं. पुन्हा केस धरून त्यानं शेजारचा बत्ता उचलला. खालांच्या हातात लालभडक तवा होता. एक शब्द न बोलता त्यांनी तो त्याच्या दंडावर दाबला आणि दाबूनच धरला. चर्रर्र आवाज झाला, कातडी जळल्याचा वास सुटला. तो गुरासारखा ओरडत पळाला. मला तेव्हा आनंद झाला, खोटं कशाला सांगू!

खालांनी कडी लावली, ओढणी माझ्या कपाळावर दाबली आणि मग खाली बसल्या. "चूक माही हाये वं. अठरा वर्सं मार खाल्ला, त्याले एकडाव बी अडवलं नाई. तो मेल्यावर गूळ कुटत बसली. अन् तुले बी तेच शिकवलं."

कपाळाला टाके घालून आम्ही चौकीवर गेलो. "मीच चटका देल्ला, लिवून घ्या," त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्याच संध्याकाळी मला घेऊन त्या अकोल्याच्या बसमध्ये बसल्या आणि आईच्या दारात पोचवूनच परतल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, "वापस नोको जाऊ." मी गेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात खाला वारल्या. मी अमरावतीला त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा त्यांची मुलगी शबनम बत्ता घेऊन समोर आली. "ताई, अम्मीची आठवन म्हनून हा घेऊन जा. तुमी दोघी यानंच कुटत होत्या ना."

मी नको म्हटलं. अकोल्यात मी केकचा गूळ विळीवर चिरते.

तवा तेवढा मागून आणला.