ताटं फिरवायची राहिली

चेन्नई बंदरात एक अख्खं जहाज माझ्या भरल्या वांग्यांपायी खोळंबलं होतं, असं मी सांगायला लागले की नवरा पेपर तोंडासमोर धरतो. बरं, खोळंबलं नव्हतं. पण त्यावरचा एक खलाशी आमच्याकडे वांगी खात बसला होता आणि तिकडे त्याच्या नावाने हाका चालल्या होत्या, एवढं तर खरं!

इथे चेन्नईत, अंबत्तूरला, आमच्या वरच्या मजल्यावर एक फिलिपिनो बाई राहते. एग्मोरच्या एका हॉटेलात गाते. तिच्या देशाची माणसं या शहरात मूठभर. कोणी तिच्यासारखं गाणारं, कोणी केक करणारं, एकदोघी तमिळ खलाशांशी लग्न करून आलेल्या. रविवारी चर्च झालं की सगळी तिच्याकडे जमतात आणि आमचा पंखा हलेल इतकं गातात. आम्हीही परमुलखातलेच, नवऱ्याच्या नोकरीपायी साताऱ्याहून आलेले. त्यामुळे जमलं. ती मला इथल्यासारखं ‘अक्का’ म्हणते आणि सासूबाईंना माझं ऐकून ‘आई’. सासूबाई तिच्याशी मराठीतच बोलतात, फक्त मोठ्याने. दुभाषी मी, तमिळमधून. पदरचा मसाला घालून.

तर तिचा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर. जहाज चेन्नईला लागलं आणि तो परवानगी काढून बहिणीला भेटायला आला. सासूबाईंनी फर्मान काढलं, “माहेरचं माणूस आलंय तिचं. जेवायला खालीच बोलाव.”

तो पोळी काट्याने खात होता. आमची जेवणं आटोपून हात वाळले, तरी त्याचं तिसरं वांगं चाललेलं. तेवढ्यात फोन वाजला. वादळाचा इशारा वाढला होता, बंदर रिकामं करायचं होतं. मला वाटलं, जहाजं आत घेत असतील. छे! ती बाहेर काढतात, खोल समुद्रात. धक्क्याला बांधलेलं जहाज लाटांनी आपटून फुटतं म्हणे. तो अर्धं वांगं तसंच टाकून उठला.

बहिणीने काहीतरी ओरडून ताटांकडे हात टाकले. पण पाहुणा उठला की खरकटं पडू द्यायचं नाही, ही सासूबाईंची हयातभराची सवय. त्याने बुटात पाय घालेपर्यंत ताटं नळाखाली! ती हात तसेच धरून उभी. तो गेला.

मग तिने सांगितलं. जेवणाच्या मध्येच कोणी प्रवासाला निघालं, तर मागे राहिलेल्यांनी आपापलं ताट जागच्या जागी फिरवायचं. म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. तो उंबरा ओलांडायच्या आत फिरवायचं. नंतर नाही.

“काय म्हणते ती?” सासूबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच मला मसाला सुचला नाही. होतं तसं सांगितलं. त्या ओल्या हातांनी खुर्चीवर बसल्या.

संध्याकाळी वारा सुटला, वीज गेली आणि फोनही मुके झाले. वरच्या मजल्यावर तिची एकटीची पावलं इकडून तिकडे, तिकडून इकडे. सकाळी मी झाडू उचलला, तर सासूबाई कडाडल्या, “खबरदार! घरातून माणूस निघालाय. तो पोचल्याचं कळेपर्यंत केर काढायचा नाही.”

“आई, तो आपल्या घरातला आहे का?”

“माझ्या हातचं जेवून निघाला ना? मग!”

कामवाली आली, तिला दारातूनच परत पाठवलं. वादळ सरलं, वीज आली, फोन लागायला लागले. त्याचा काही येईना. घरात मात्र तांदळाचे दाणे, कोथिंबिरीच्या काड्या आणि खिडकीतून आलेली वाळू. चालताना करकर वाजायचं. नवरा टाचांवर चालत होता. मला हसू यायचं आणि त्याच क्षणी कान वरच्या पावलांकडे जायचे.

ती खाली आली, तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. सासूबाई तिला म्हणाल्या, “पोरी, ताटांचं माझ्याकडून चुकलं. पण केर नाही हो काढू दिला.” आणि चक्क हळू आवाजात म्हणाल्या. मी तमिळमध्ये सांगितलं. तिने जमिनीकडे पाहिलं, चपला बाहेर काढल्या आणि त्या कचऱ्यातून अनवाणी चालत येऊन सासूबाईंना चिकटून बसली.

मी सगळ्यांना खिचडी आणि पापड वाढले. ती चिवडत होती. आणि फोन वाजला!

भाऊच. आवाज खरखरत, तुटत. ती ऐकता ऐकता मला सांगत होती, मी सासूबाईंना. जहाज ठीक होतं, तो ठीक होता. पण परत चेन्नईला यायचं नव्हतं, तसंच पुढे सिंगापूरला. आणि वाटेत अजून एक वादळ उठत होतं. तोही तिकडे जेवायलाच बसला होता. तेवढ्यात कोणीतरी त्याला हाक मारली, निघतो म्हणाला, आणि फोन कटला.

तिचा हात ताटाकडे गेला. पण सासूबाईंनी त्याआधीच स्वतःचं ताट गर्रकन फिरवलं होतं, इतक्या जोरात की पापड उडून जमिनीवर पडला आणि त्याचा चुरा झाला. मग आम्ही दोघींनी फिरवलं. नवऱ्यानेही, पेपर खाली ठेवून.

मी सवयीने झाडूकडे वळले.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “अजून पोचलाय कुठे?”